जर्मनीत भाड्याने राहताना : भाडेकरूचे आणि घरमालकाचे हक्क

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

व्याख्यानमालेच्या आजच्या पुष्पात आपण परदेशात दीर्घकाळ भाड्याने राहण्याचा विषय घेतला आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, त्यामुळे सगळ्या जगाबद्दल एका तासात बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आपण जर्मनी हा एकच देश घेऊ. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून तिकडे शिकायला आणि नोकरीला जाणारी मंडळी खूप आहेत. शिवाय जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्याच घरात राहतात. भाड्याचं घर म्हणजे स्वतःचं घर होईपर्यंतची तात्पुरती सोय, असं तिथे कोणी मानत नाही. एकाच भाड्याच्या घरात तीस-तीस वर्षं राहिलेली माणसं तिथे सर्रास भेटतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. जर्मन कायदा भाडेकरूला भक्कम संरक्षण देतो, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण त्यातले बरेचसे हक्क आपोआप पदरात पडत नाहीत. ते ठरलेल्या मुदतीत, लेखी आणि योग्य माणसाकडे मागावे लागतात. घरमालकालाही हाच नियम लागू आहे. त्यामुळे आज आपण प्रत्येक हक्कासोबत त्याची मुदतही बघत जाऊ.

अकरा महिन्यांची सवय

आपण महाराष्ट्रातून जाताना डोक्यात एक नमुना घेऊन जातो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत संपली की नवा करार, भाड्यात थोडी वाढ, नाहीतर सामान बांधा. या नमुन्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, भाडेकरूला घराबाहेर काढणं जवळपास अशक्य झालं, आणि त्यातून पागडी आली. त्यावर तोडगा म्हणून घरमालक 'भाडेकरू' ठेवायचं टाळून 'परवानाधारक' ठेवू लागले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची तरतूद आहे.

जर्मनीत गाडी वेगळ्या रुळावरून गेली. तिथला नागरी कायदा, ज्याला बीजीबी म्हणतात, १ जानेवारी १९०० पासून लागू आहे. पहिल्या महायुद्धानंतर घरांची मोठी टंचाई आली आणि १९२० च्या दशकात भाडेकरूंच्या संरक्षणाचे कायदे झाले. आजची चौकट मात्र १९७१ पासूनची आहे. तेव्हापासून घरमालकाला राहत्या घराचा करार सबळ कारणाशिवाय संपवता येत नाही. २००१ साली हे सगळं बीजीबीत नव्याने, सलग मांडलं गेलं.

म्हणून जर्मनीतला साधा भाडेकरार बेमुदत असतो. शेवटची तारीखच नसते. मुदतीचा करार करायचा तर मालकाला त्याचं कारण करारातच लिहावं लागतं. कारणंही मोजकी आहेत : मुदतीनंतर घर स्वतःला किंवा कुटुंबाला हवं आहे, इमारत पाडायची किंवा मोठी दुरुस्ती करायची आहे, किंवा घर कर्मचाऱ्याला द्यायचं आहे. कारण लिहिलेलं नसेल तर 'दोन वर्षांसाठी' असं छापलेला करारही कायद्याच्या नजरेत बेमुदतच धरला जातो. हे माहीत नसल्यामुळे काही मंडळी दोन वर्षं झाली की मुकाट्याने घर सोडतात.

घर घेताना : पैशाचा हिशोब

जाहिरातीत दोन आकडे दिसतात. एक 'काल्टमीटे', म्हणजे थंड भाडं, निव्वळ जागेचं. दुसरं 'वार्ममीटे', म्हणजे गरम भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई, बहुतेक वेळा हीटिंग, असे खर्च आगाऊ हप्त्याच्या स्वरूपात धरलेले असतात. वीज आणि इंटरनेट साधारणपणे याच्या बाहेर. स्वयंपाकघरही बऱ्याचदा रिकामं मिळतं, म्हणजे ओटा आणि सिंकसुद्धा आपण आणायचं.

अनामत रकमेला कायद्याने कमाल मर्यादा आहे : तीन महिन्यांचं थंड भाडं. थंड भाडं ९०० युरो असेल तर अनामत २,७०० युरोंच्या वर मागता येत नाही. ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा. नव्याने आलेल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, पण मागितल्याशिवाय ती कोणी देऊ करत नाही. मालकाने ही रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते, आणि तिच्यावरचं व्याज भाडेकरूचं असतं.

दलालीचंही तसंच. १ जून २०१५ पासून नियम आहे की ज्याने दलाल नेमला त्याने त्याचे पैसे द्यायचे. मालकाने जाहिरात करायला दलाल नेमला असेल तर दलाली मालकाचीच. आणि घर न बघता, चावी हातात न येता कोणी अनामत पाठवायला सांगत असेल, 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने येईल' असं म्हणत असेल, तर तिथेच थांबा.

मोठ्या शहरांत सुरुवातीच्या भाड्यालाही लगाम आहे. त्याला 'मीटप्राइसब्रेम्से', म्हणजे भाड्याचा ब्रेक म्हणतात. २०१५ पासूनचा हा नियम सांगतो की जिथे घरांची टंचाई जाहीर झाली आहे, तिथे नव्या करारातलं भाडं त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त नसावं. हे तुलनात्मक भाडं बघण्यासाठी अनेक शहरं 'मीटश्पीगेल' नावाचा भाड्याचा तक्ता प्रसिद्ध करतात. समजा तक्त्याप्रमाणे तुमच्या ६० चौरस मीटर घराचा दर चौरस मीटरला १२ युरो आहे. म्हणजे ७२० युरो, वर १० टक्के धरून ७९२. तुम्ही ९५० देत असाल तर दरमहा १५८ युरो जास्त जात आहेत.

याला अपवाद आहेत. १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं यातून सुटतात. घराचं मोठं नूतनीकरण झालं असेल किंवा आधीच्या भाडेकरूचं भाडंच जास्त असेल, तरी मालकाला सूट मिळते. पण सूट नसेल, तर भाडेकरूने मालकाला लेखी हरकत कळवावी लागते. करार सुरू झाल्यापासून ३० महिन्यांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या महिन्यापासूनचे जादा पैसे परत मागता येतात. त्यानंतर घेतली तर फक्त हरकतीच्या पुढचे. वरच्या उदाहरणात दोन वर्षांनी पत्र पाठवणाऱ्याला ३,७९२ युरो परत मागता येतील. तीन वर्षांनी पाठवणाऱ्याला मागचं काहीच नाही. घर तेच, कायदा तोच, फक्त पत्र उशिरा गेलं.

भाडेवाढीचं पत्र आलं तर

चालू करारात मालक मनाला येईल तेव्हा भाडं वाढवू शकत नाही. साध्या करारात वाढ लागू होताना आधीचं भाडं किमान १५ महिने तसंच असावं लागतं. वाढ तुलनात्मक भाड्याच्या पलीकडे जाता कामा नये. शिवाय तीन वर्षांत एकूण २० टक्के, आणि टंचाईच्या भागात १५ टक्के, ही मर्यादा. ८०० युरोंचं भाडं टंचाईच्या शहरात तीन वर्षांत फार तर ९२० होऊ शकतं, तेही तक्ता तेवढं दाखवत असेल तरच.

मालकाला पत्रात कारण द्यावं लागतं : भाड्याचा तक्ता, तज्ज्ञाचा अहवाल, किंवा तीन तुलनेची घरं. पत्र मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत विचार करायला वेळ असतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. ही वाढ भाडेकरूच्या संमतीने होते. तुम्ही उत्तरच दिलं नाही तर ती संमती ठरत नाही, मालकाला न्यायालयात जावं लागतं. पण काहीही न तपासता नवी रक्कम भरायला लागलात, तर ती संमती धरली जाऊ शकते. म्हणून बँकेतली कायमची सूचना बदलण्याआधी तक्ता उघडून बघा. वाढ योग्य असेल तर संमती द्या, कारण उगाच नकार दिला तर खटल्याचा खर्च अंगावर येतो.

काही करारांत वाढीची पद्धत आधीच ठरलेली असते. टप्प्याटप्प्याने वाढणारं भाडं असतं किंवा महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं असतं. निर्देशांकाचा करार स्वस्ताईच्या काळात गोड वाटतो. २०२२ मध्ये महागाई भडकली तेव्हा अशा करारांतल्या भाडेकरूंना त्याचा चटका बसला. सही करण्याआधी हे कलम शोधा.

वर्षाचा हिशोब

गरम भाड्यातले इतर खर्च हे आगाऊ हप्ते असतात, हे आपण पाहिलं. वर्षाअखेर मालकाने त्यांचा हिशोब द्यायचा असतो, आणि हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत तो भाडेकरूच्या हाती पडायला हवा. २०२३ चा हिशोब ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत. त्यानंतर आलेल्या हिशोबावरून मालकाला जादा रक्कम मागता येत नाही. उशिराला तो स्वतः जबाबदार नसेल, तरच अपवाद. भाडेकरूचे पैसे परत निघत असतील तर मात्र ते द्यावेच लागतात.

भाडेकरूलाही हिशोब मिळाल्यापासून १२ महिनेच मिळतात. त्या काळात हरकत घेतली नाही तर चुकीचा आकडाही पक्का होतो. तपासताना काय बघायचं? दुरुस्तीचा आणि व्यवस्थापनाचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही. केबल टीव्हीचं शुल्कही १ जुलै २०२४ पासून या हिशोबातून टाकता येत नाही. घराचं क्षेत्रफळ आणि राहिलेले महिने बरोबर आहेत का ते बघा. शंका असेल तर मूळ बिलं बघायला मागा, तो तुमचा हक्क आहे.

बुरशी, बंद हीटर आणि कमी केलेलं भाडं

घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी. ऐन जानेवारीत हीटर बंद पडला, छतातून पाणी गळायला लागलं, भिंतीला बुरशी आली, तर दोष दूर होईपर्यंत कायद्याने भाडं त्या प्रमाणात कमी होतं. पण दोष दिसताच मालकाला कळवणं ही भाडेकरूची जबाबदारी आहे. कळवलं नाही आणि नुकसान वाढलं, तर भरपाई आपल्यालाच द्यावी लागू शकते. फोनवर बोला, पण त्याच दिवशी फोटो, तारीख आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत घालून लेखीही पाठवा.

किती भाडं कमी करायचं हा कठीण प्रश्न आहे, कारण कायद्यात टक्क्यांचा तक्ता नाही. न्यायालयं प्रकरणागणिक ठरवतात. स्वतःच्या मनाने भरमसाट कपात केली आणि ती चूक ठरली, तर उरलेली रक्कम थकबाकी होते आणि घरच धोक्यात येतं. त्यापेक्षा पूर्ण भाडं भरायचं आणि 'हक्क राखून भरत आहोत' असं लेखी कळवायचं. योग्य ती रक्कम नंतर परत मागता येते.

बुरशीच्या बाबतीत मालकाचं ठरलेलं उत्तर येतं : तुम्ही खोली हवेशीर ठेवत नाही. आपल्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, डाळ-भात रोज शिजतो, थंडीत कपडे आतच वाळतात. बाष्प भरपूर. म्हणून दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा आणि आकडे लिहून ठेवा. वाद झालाच, तर ही वही कामी येते.

घर सोडताना

भाडेकरूला घर सोडायला कारण द्यावं लागत नाही, तीन महिन्यांची नोटीस पुरते. करारात काही काळ घर न सोडण्याचं कलम असू शकतं, ते आधी बघा. नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाला पोचली, तर पुढच्याच्या पुढच्या महिन्याअखेर करार संपतो. मार्चच्या सुरुवातीला पोचली तर ३१ मे. दोन दिवस उशीर झाला तर एक महिन्याचं भाडं जास्त.

आणि ही नोटीस कागदावर, हाताने सही केलेली हवी. ईमेल चालत नाही, व्हॉट्सअॅप चालत नाही. करारात नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. 'मालकांशी बोलणं झालंय, ते हो म्हणाले' यावर विसंबून भारतात परतलेल्या आणि नंतर तीन महिन्यांच्या भाड्याची मागणी आलेल्या लोकांच्या कहाण्या आम्ही वारंवार ऐकतो.

दुसरी आपली सवय म्हणजे 'शेवटचे दोन-तीन महिने भाडं देत नाही, डिपॉझिटमधून कापून घ्या'. जर्मनीत हे चालत नाही. अनामत ही शेवटपर्यंत हमी असते. भाडं थांबवलं की ती थकबाकीच.

घर परत करताना मालकासोबत खोल्या फिरून 'युबरगाबेप्रोटोकोल', म्हणजे ताब्याची नोंद करा : मीटरचे आकडे, चाव्या, भिंतींची स्थिती. असाच कागद घर घेतानाही करून ठेवलेला असला पाहिजे. रंगकामावरून हमखास वाद होतो. घर रंग न दिलेलं मिळालं असेल आणि त्याची योग्य भरपाई मिळाली नसेल, तर सोडताना रंग द्यायची छापील अट बांधील नाही, असं सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं. अनामत परत करायला कायद्यात ठरलेली तारीख नाही. तपासणीला काही महिने लागतात आणि खर्चाच्या हिशोबासाठी थोडी रक्कम मालक राखून ठेवू शकतो.

आता घरमालकाच्या बाजूने

आपल्यातली काही मंडळी आता तिकडे घरं विकत घेऊ लागली आहेत, म्हणून ही बाजूही नीट पाहू. मालकाला करार संपवायचा असेल तर मुख्य कारणं तीन : भाडेकरूने कराराचा गंभीर भंग केला, घर स्वतःला किंवा कुटुंबीयांना राहायला हवं आहे, किंवा करार चालू राहिला तर मालमत्तेचा योग्य आर्थिक उपयोग अशक्य होतो. भाडं वाढवून मिळावं म्हणून नोटीस देता येत नाही. कारण पत्रातच लिहावं लागतं. नोटीस तीन महिन्यांची, भाडेकरू पाच वर्षांहून जास्त राहिला असेल तर सहा, आठ वर्षांहून जास्त असेल तर नऊ महिन्यांची.

स्वतःच्या गरजेला 'आयगनबेडार्फ' म्हणतात. गरज खरी असावी लागते. खोटं कारण दाखवून घर रिकामं करून घेतलं आणि दुसऱ्याला जास्त भाड्याने दिलं, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. गरज खरी असली तरी भाडेकरू गंभीर आजारी असेल, फार वृद्ध असेल किंवा पर्यायी घर मिळतच नसेल, तर तो अडचणीचं कारण देऊन हरकत घेऊ शकतो. ही हरकत साधारणपणे करार संपण्याच्या दोन महिने आधी लेखी द्यावी लागते.

घर विकलं म्हणून करार तुटत नाही, नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाडेकरू राहत असतानाच इमारतीतली घरं स्वतंत्र फ्लॅटमध्ये विभागून विकली गेली असतील, तर घेणाऱ्याला तीन वर्षं, आणि टंचाईच्या भागात दहा वर्षांपर्यंत, स्वतःच्या गरजेची नोटीस देता येत नाही. 'घेऊ आणि सहा महिन्यांत राहायला जाऊ' असं ठरवून भाडेकरूसकट फ्लॅट घेणाऱ्याचं सगळं नियोजन इथे कोसळतं. एकीकडे कर्जाचा हप्ता, दुसरीकडे स्वतःच्या घराचं भाडं. खरेदीआधी भाडेकरू कधीपासून राहतो आणि विभागणी कधी झाली, या दोन तारखा विचारा.

पण मालक असहाय आहे असं समजू नका. दोन महिन्यांच्या भाड्याइतकी थकबाकी झाली की त्याला तात्काळ करार संपवता येतो. खटल्याची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने सगळे पैसे भरले तर ही तात्काळ नोटीस गळून पडते, पण सोबत साधी नोटीसही दिलेली असेल तर ती पैसे भरूनही टिकू शकते. मात्र कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हे मालकाने स्वतः करायचं नाही. त्यासाठी न्यायालयाचा निकाल आणि सरकारी अंमलदारच लागतो. राहत्या घरात शिरायलाही ठोस कारण आणि आधी सूचना हवी, आणि भाडेकरूच्या संमतीशिवाय जादा चावी जवळ ठेवता येत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*आई-वडील तीन महिन्यांसाठी येणार आहेत. मालकाची परवानगी लागेल का?*

पाहुण्यांना परवानगी लागत नाही. साधारण सहा आठवड्यांपर्यंतचा मुक्काम पाहुणचारात धरला जातो. तीन महिन्यांसाठी येणार असतील तर आधी दोन ओळी लिहून कळवा. कळवल्याने संबंध बिघडत नाहीत, उलट शेजाऱ्याकडून कळलं तर बिघडतात.

*मी मालकाच्याच घरातली एक फर्निचर असलेली खोली घेतली आहे. हे सगळं मला लागू आहे का?*

नाही, आणि हे नीट समजून घ्या. मालक स्वतः राहतो त्याच घरातल्या, त्याने फर्निचर दिलेल्या खोलीत एकटा माणूस राहत असेल तर संरक्षण फार कमी असतं. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत नोटीस दिली तर त्याच महिन्याअखेर खोली सोडावी लागू शकते. विद्यार्थ्यांनी अशी खोली घेताना पुढची सोय डोक्यात ठेवावी.

*मालक पत्ता नोंदवायला कागद देत नाही, म्हणतो नोंदणी करू नका.*

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी लागणारा दाखला देणं मालकावर. दाखला मिळत नसेल तर नोंदणी कार्यालयाला तसं कळवा. सही करण्याआधीच कोणी 'नोंदणी नको' म्हणत असेल, तर ते घर घेऊ नका.

*वाद झाला तर जायचं कुठे?*

जवळजवळ प्रत्येक शहरात 'मीटरफेराइन', म्हणजे भाडेकरूंची संघटना असते. वार्षिक वर्गणी भरून सल्ला मिळतो. मालकांसाठी 'हाउस उंट ग्रुंट' आहे. न्यायालयीन खर्चाचा विमा सोबत असेल तर त्याला बहुतेक वेळा सुरुवातीची प्रतीक्षा असते, म्हणून वाद सुरू होण्याआधीच सभासद व्हा. आज आपण चौकट पाहिली. तुमच्या करारातलं नेमकं कलम मात्र या लोकांना किंवा वकिलाला दाखवूनच पाऊल टाका, कारण कायद्यात बदल होत राहतात.

घरी गेल्यावर एक काम करा. आपला करार काढा आणि चार तारखा एका कागदावर लिहा : करार सुरू झाल्याची, शेवटच्या भाडेवाढीची, शेवटचा हिशोब मिळाल्याची, आणि भाड्यावर हरकत घ्यायचे ३० महिने संपतात त्याची. तो कागद फ्रिजवर लावून ठेवा.